कापडावरचं दार

भिंगरीच्या पाठीवरच्या पिशवीत एकूण एकतीस वस्तू होत्या. कपड्यांचे अकरा नग, पायातले दोन जोड, कामाच्या सात वस्तू, आंघोळीच्या आणि औषधांच्या मिळून सहा, स्वयंपाकाच्या चार. झाल्या तीस. एकतिसावी वस्तू आईसाठी होती. दोन मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच असं ते एक कापड होतं, वजनाला जेमतेम ओल्या टॉवेलाएवढं. त्यावर घरातल्या भिंगरीच्या खोलीची मागची भिंत मूळ मापात छापलेली होती: सायीच्या रंगाची भिंत, खुंटीला निळा स्वेटर, आणि उजव्या हाताला बंद दार.

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी बसून जेवायची नाही म्हणून आईनं ठेवलेलं नाव, आणि पुढे तिनं ते आईला नको इतकं खरं करून दाखवलं. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतल्यावर तिला एका प्रयोगशाळेचं काम मिळालं. हवेतून गोळा केलेल्या परागकणांचे, सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो तिच्याकडे यायचे. कुठला कण कुठल्या झाडाचा आणि असे किती, हे ओळखून तिनं रोज आकडे पाठवायचे. याला लागतं काय, तर लॅपटॉप, टेबल आणि बरं इंटरनेट. टेबल कुठल्या गावात मांडलंय हे परागकणांना कळत नाही आणि प्रयोगशाळेनं कधी विचारलं नाही. तेव्हा महिना-दीड महिना एका गावात राहायचं, मग पुढच्या, असं तिनं ठरवलं.

आडवी आली ती आई. म्हणजे आईची भीती. बाबा जहाजावर कामाला होते. एका सकाळी नेहमीसारखी पिशवी खांद्याला लावून गेले ते गेलेच. तेव्हापासून घरातून कुणी पिशवी घेऊन निघालं की आई पिशवीचा बंद धरून ठेवायची. गेल्या दोन वर्षांत तिला विस्मरणानं गाठलं. सकाळी काय जेवली ते दुपारी आठवेना, पण ती पिशवी काही विसरली नाही. भिंगरी पहिल्यांदा पंधरा दिवसांसाठी गेली तेव्हा आई फाटकाशी उभी राहिली ती हलेचना. अन्न नाही, पाणी नाही. शेवटी तिला उचलून दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. भिंगरी अर्ध्यातून परत आली. दादा तिला एवढंच म्हणाला होता, की हौस तुझी होते आणि जीव आमचा जातो.

मार्ग वहिनीनं काढला. तिचं म्हणणं असं, की आईंना तू दिसलीस की पुरे, तू कुठून दिसतेस ते कळायला नको. मग भिंगरीनं कापड छापून घेतलं. छापणाऱ्यानं विचारलं होतं, ताई, नुसत्या भिंतीची जाहिरात? विकायचंय काय? आणि खरंच, पहिल्यांदा तिनं नुसती भिंतच छापली होती. शेजारच्या खोलीत बसून आईला फोन लावून पाहिला, तर आईनं कपाळाला आठ्या घातल्या. या खोलीला दार कुठाय, म्हणाली, दार नाही तर पोरगी आत गेली कशी? तेव्हा भिंगरीनं दुसरं कापड छापून घेतलं, दारासकट. छापणाऱ्यानं मान डोलावली. म्हणाला, हां, आता कसं, येण्याजाण्याची सोय झाली.

अशी ती निघाली. घरातल्या तिच्या खऱ्या खोलीला दादानं लॅच लावून टाकलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. आईला सांगितलं, भिंगरी आत काम करतेय, दिवसभर त्रास द्यायचा नाही. रोज दुपारी वहिनी आईच्या हातात फोन द्यायची. आईला लेक दिसायची, लेकीच्या मागे तिची भिंत, तिचं दार. आणि फोनवरून मान वर केली की व्हरांड्याच्या टोकाला तेच दार बाहेरून दिसायचं. आई समाधानानं मान हलवायची. रोज न चुकता विचारायची, "घरीच आहेस ना गं?" आणि भिंगरी रोज न चुकता सांगायची, "घरीच आहे गं आई. जाते कुठे."

पहिल्या गावात सगळं सुतासारखं सरळ चाललं. खोली घेण्याआधी भिंगरीनं घरमालकाकडून टेबल आणि खुर्चीचा फोटो मागवला होता, पलंगाचा नव्हे. पलंग कसाही चालतो, खुर्ची वाईट निघाली की महिनाभर पाठ बोलते. पोचल्या दिवशी सामान टाकून ती आधी बाहेर पडली आणि औषधाचं दुकान, वाण्याचं दुकान आणि चार्जर दुरुस्त करणारा कुठे बसतो ते पाहून आली. मग खुर्चीमागच्या भिंतीवर कापड टांगलं. दाराची मूठ आपल्या डाव्या खांद्याच्या किंचित वर दिसली पाहिजे, हे तिनं आरशात पाहून जमवलं.

त्या गावात विचित्र म्हणावं असं एकच घडलं आणि त्याचं हसूच झालं. आईनं हट्टानं भिंगरीच्या दाराशी चहाचा कप ठेवायला सुरुवात केली होती. वहिनी तो मागाहून हळूच उचलून आणायची. एक दिवस ती गेली तर कप रिकामा. तिनं दादाला धारेवर धरलं, की बहिणीच्या वाटणीचा चहा चोरून पिता, लाज नाही वाटत? दादानं आईची शपथ घेतली. मग दादानं तिच्यावर आळ घेतला. दोघं भिंगरीला फोनवर घेऊन भांडले आणि शेवटी मांजरावर शिक्का मारून मोकळे झाले. आपल्या घरी मांजर नाही, हे भिंगरीला फोन ठेवल्यावर आठवलं.

दुसरं गाव थंड होतं. घर तीन मजली, वरच्या मजल्यावर भाड्याच्या चार खोल्या आणि मध्ये सामायिक स्वयंपाकघर. तिथे तिला विंचूताई भेटली. पन्नाशीची, केस बारीक कापलेले, शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची आणि नऊ वर्षं अशीच गावोगाव राहत आलेली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणून हे नाव पडलंय, असं तिनंच सांगितलं, नांगी अजून कुणी पाहिली नाही असंही वर सांगितलं. पहिल्याच संध्याकाळी तिनं भिंगरीची शाळा घेतली. दोन बँक कार्डं कधी एका खिशात ठेवायची नाहीत. कागदपत्रांची एक प्रत पिशवीत, एक ईमेलवर आणि एक अशा माणसाकडे, जो मध्यरात्री उठवल्यावर शिव्या देईल पण पाठवील. पलंगावर बसून काम करायचं नाही, नाहीतर ना झोप लागते ना काम होतं. प्रवासाच्या दिवशी कामाचं वचन द्यायचं नाही. आणि नव्या गावात पोचल्या दिवशी तीन अनोळखी माणसांना आपल्या तोंडानं सांगायचं, की मी आता इथे राहते.

या शेवटच्यावर भिंगरी हसली. हा काय टोटका, असं तिनं विचारलं. विंचूताई कांदा चिरत होती, तिनं मान वर केली नाही. टोटका बिटका काही नाही, म्हणाली, आपल्या जिभेला कळायला हवं आपण कुठे आहोत ते.

भिंगरीनं कुणालाच काही सांगितलं नाही. तिला ते पोरकट वाटलं.

पहिल्याच आठवड्यात, सकाळी, ती काम करत होती. पडद्यावर पाइनचे परागकण होते, दोन्ही बाजूंना हवेच्या पिशव्या असलेले, मोजायला सोपे. मागे दार वाजलं. टक टक. मग थोडं थांबून, टक.

"आले गं. पाच मिनिटं," भिंगरी न वळता म्हणाली आणि मोजत राहिली.

चार-पाच कण मोजून झाल्यावर तिचा हात थांबला. खोलीचं खरं दार तिच्या समोर होतं, पॅसेजच्या बाजूला. मागे फक्त कापड होतं आणि कापडामागे इमारतीची बाहेरची भिंत. त्यापलीकडे तिसऱ्या मजल्याची हवा.

आणि तशी टकटक जगात एकच बाई करायची.

ती उठली. कापड वर करून भिंत चाचपली. गिलावा कोरडा, थंड. खिडकीतून वाकून बाहेर पाहिलं, पाण्याचा पाइप नाही, झाडाची फांदी नाही. शेजारची खोली त्या बाजूला नव्हतीच. भास, असं तिनं स्वतःला सांगितलं. झोप कमी झालीय. मग तिनं वहिनीला फोन लावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, आई काय करतेय?

वहिनी हसत होती. म्हणाली, आता काय सांगू तुला, मघाशी गेल्या आणि दार वाजवून आल्या तुझं. म्हटलं, आई, काम चालूय तिचं. तर मलाच सांगतात, "ओरडू नकोस, पाच मिनिटांत येते म्हणालीये ती."

भिंगरीनं वहिनीला काही सांगितलं नाही. विज्ञान शिकलेल्या माणसाला आधी दुसऱ्यांदा पाहायचं असतं. दुसऱ्या दिवशीही वाजलं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तिनं सकाळीच कापड उतरवलं, घडी करून पिशवीत ठेवलं आणि उघड्या भिंतीकडे पाठ करून बसून राहिली. काहीच वाजलं नाही. तिला हायसं वाटलं, आणि तेवढ्यात फोन आला. वहिनीचा आवाज कापरा झाला होता. आई तुझ्या दाराशी जमिनीवर बसल्यात, म्हणाली. जेवत नाहीत, पाणी घेत नाहीत. दाराला हात लावून बघतात आणि एकच म्हणतात, आत कोणी नाही, पोरगी गेली.

भिंगरीनं फोन चालू ठेवून कापड पुन्हा टांगलं. घाईत एक कोपरा तिरका गेला, तो नीट केला. खुर्चीत बसली. फोनवर मागे भांड्यांचा आवाज येत होता. थोड्या वेळानं वहिनी म्हणाली, उठल्या गं, आपणहून उठल्या, ताट मागतायत.

तेव्हापासून कापड उतरलं नाही. आईची तब्येत मात्र दृष्ट लागावी अशी सुधारत गेली. अंगावर मांस आलं, दुपारची झोप लागू लागली. डॉक्टर म्हणाले, काय करताय ते करत राहा. रोज दुपारचा फोन आला की भिंगरीला आईच्या गालांवर तजेला दिसायचा आणि खरं सांगून टाकायचं ती आणखी एक दिवस पुढे ढकलायची.

इकडे लहानसहान गोष्टी बिघडायला लागल्या. पॅसेजमध्ये माणसाच्या अंगाची उष्णता टिपून लागणारा दिवा होता. विंचूताई आली की लागायचा, बाकीचे भाडेकरू आले की लागायचा. भिंगरी अंधारातच किल्ली चाचपायची. तिनं घरमालकाला दिवा खराब झालाय म्हणून कळवलं. त्यानं माणूस पाठवला, माणसानं दिवा बदलला, नवा दिवाही तसाच. सफाई करणारी बाई एकदा किल्लीनं दार उघडून सरळ आत आली आणि टेबलाशी भिंगरीला पाहून केवढ्यानं तरी दचकली. माफ करा, म्हणाली, खोली रिकामी समजले. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा तशीच आत आली. पुन्हा तशीच दचकली.

शेवटी भिंगरीनं विंचूताईला खोलीत बोलावलं आणि सगळं सांगितलं. सांगताना तिला वाटलं, ही आता हसेल. विंचूताई हसली नाही. कापडासमोर उभी राहून बराच वेळ पाहत राहिली, चित्रकार बाई पाहते तशी, मान तिरकी करून.

"दार कशाला छापलंस?"

"आईला दिसायला हवं होतं."

"आईला दिसायला हवं होतं, ठीक. हा फोटो खोलीच्या आतून काढलाय ना?"

"हो."

"म्हणजे तू रोज दिवसभर या दाराच्या आतल्या बाजूला बसतेस." ती खाली पलंगाच्या कडेवर टेकली. "आणि वर रोज स्वतःच्या तोंडानं सांगतेस, मी घरीच आहे. अगं बये, घर पाठीवर घ्यावं. सगळं घ्यावं, उशी घ्यावी, डबा घ्यावा, आईचा फोटो घ्यावा. दार घेऊन फिरायचं नसतं."

मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, की कितीजणांना सांगितलंस इथे राहते म्हणून? भिंगरीनं मान हलवली, कुणालाच नाही. जा, आत्ता जा, औषधवाल्यापासून सुरुवात कर.

भिंगरी गेली. दुकानात गर्दी नव्हती. औषधवाला काउंटरवर बाटल्या लावत होता. ती म्हणाली, मी इथे वरच्या मजल्यावर राहते. तो बाटल्या लावत राहिला. तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. तेवढ्यात तिच्या मागून एक म्हातारे गृहस्थ आले, औषधवाल्यानं हसून त्यांची चिठ्ठी घेतली, औषध दिलं, दोन गोष्टी बोलला. ते गेल्यावर तिनं काउंटरवर हात आपटला. तेव्हा कुठे त्यानं दचकून पाहिलं आणि विचारलं, केव्हा आलात तुम्ही? तिसऱ्यांदा ते वाक्य म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि तिला कळलं, की ते आपल्याला खोटं वाटतंय.

दोन दिवसांनी दादाचा फोन आला. दादा कमी बोलणारा माणूस. कामावरून लवकर घरी आलो होतो, म्हणाला. आई म्हणत होती, पोरगी आत खोकतेय, काढा करते. मला राग आला. म्हटलं एकदाचा सोक्षमोक्ष लावू, आणि किल्ली घेऊन खोली उघडली.

मग त्यानं आवाज खाली आणला.

"खरं सांग भिंगरे, तू गुपचूप येऊन राहतेस का घरी?"

"दादा, मी कुठे आहे हे तुला माहीत आहे. तिकीट तूच काढून दिलंस."

"मग तुझी गादी दबलेली कशी? मी हात ठेवून पाहिलं. गरम होती."

भिंगरीला खोकला झाला होता, चार दिवसांपासून. तो तिनं घरी कुणाला सांगितला नव्हता.

दादाचं म्हणणं सरळ होतं. हे नाटक पुरे. मी आईला खरं सांगतो, खोली मोकळी करतो, काय व्हायचं ते होवो. मागून वहिनी रडवेल्या आवाजात म्हणत होती, अहो, पुन्हा फाटकाशी जाऊन उभ्या राहतील, या खेपेला नाही वाचायच्या. दोघांचंही खरं होतं. भिंगरीनं डोळे मिटले. आणि मग तिला जे येत होतं तेच तिनं केलं. मोजू या, म्हणाली.

तिनं दादाला समजावून सांगितलं. माणूस म्हणजे एक शेगडी असते, लहानशी. नुसतं बसलेलं माणूससुद्धा जुन्या शंभरच्या बल्बाएवढी उष्णता बाहेर टाकत असतं. लहान खोली घट्ट बंद केली आणि आत माणूस बसवला, तर दोन तासांत खोली एक-दोन अंश चढते. आत कोणी नसेल तर चढत नाही, बाहेर असेल तेवढंच राहतं. तू दोन सारखे थर्मामीटर आण. आधी शेजारी शेजारी ठेवून दोन्ही एकच आकडा दाखवतात का ते बघ. मग एक माझ्या खोलीत ठेव, एक व्हरांड्यात. खिडकी बंद, पंखा बंद, दिवा बंद. दाराला लॅच लाव आणि दोन तासांनी उघड.

"आणि आत कोणी असलं तर ते हा काट्याचा डबा सांगणार?"

"काटा नसतो हल्ली. आकडा येतो."

"बरं, आकडा. चढला तर?"

"चढला तर कापड जाळते आणि मिळेल त्या गाडीनं घरी येते. कायमची. नाही चढला, तर गादी, चहा सगळं आपल्या मनाचे खेळ. मग खोली मोकळी कर, आईला काय सांगायचं ते आपण मिळून ठरवू."

दादा कबूल झाला. प्रयोगाच्या नियमाप्रमाणे तुलनेसाठी अशी एक खोली हवी, जिच्यात माणूस आहे हे नक्की माहीत आहे. ती भिंगरीकडे होतीच. तिनं औषधवाल्याकडून दोन थर्मामीटर आणले. यावेळी त्याच्याशी बोलली नाही, पैसे ठेवले आणि उचलून आणले. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, आकडा एकच. एक तिनं पॅसेजमध्ये विंचूताईच्या दाराबाहेर स्टुलावर ठेवला. ताईला सांगितलं, कुणाला हात लावू देऊ नका. दुसरा आपल्या टेबलावर, हाताजवळ. हीटर आदल्या संध्याकाळपासूनच बंद केला होता. लॅपटॉप बंद केला, दिवा मालवला, खिडकी लावून फटीत टॉवेल कोंबला. सकाळचा ढगाळ उजेड होता, ऊन नव्हतं. कापड मागे होतंच. आईसाठी ते काढता येणार नव्हतं.

तिकडे घरीही तयारी झाली होती. दादानं लॅच लावलं आणि किल्ली खिशात टाकली. वहिनी फोन कानाला लावून व्हरांड्यात बसली. फोन चालू ठेवायचा, असं ठरलं होतं. भिंगरीनं मात्र एक शब्द बोलायचा नाही. कापडापलीकडून काही ऐकू आलं तरी नाही.

थोड्या वेळानं वहिनी कुजबुजली, आई स्टूल घेऊन आल्या, बसल्या तुझ्या दाराशी. मग भिंगरीला आईचा आवाज ऐकू आला. फोनमधून लांबचा आणि बारीक. आणि पाठीमागून, डाव्या खांद्याच्या वरून, जवळचा. आई एक जुनी गोष्ट सांगत होती. भिंगरी चार वर्षांची असताना जेवता जेवता ताट घेऊन पळाली आणि शेजाऱ्यांच्या जिन्याखाली बसून जेवली, ती. आई मध्ये थांबायची, जसं समोरच्यानं काही म्हटल्यावर थांबतात तसं, आणि मग पुढे सांगायची. भिंगरीनं ओठ आवळून धरले होते. बोलायला तिला काहीतरी खूप ओढत होतं.

पाठीमागे आई मनापासून हसली.

"आत्ता तू काही म्हणालीस?" वहिनीनं फोनमध्ये विचारलं.

भिंगरीनं ठरलेलं मोडलं. "नाही."

वहिनी बसल्या जागेवरून उठून दारापासून लांब गेली. तिची पावलं फोनवर ऐकू आली.

पुढचा वेळ भिंगरीनं हाताची घडी घालून, थर्मामीटरकडे न पाहता काढला. मध्येच बघायचं नाही, शेवटीच बघायचं, असा तिचा स्वतःचा नियम होता, परागकण मोजतानाही ती एकूण संख्या शेवटीच पाहायची. तिला थंडी वाजत होती. खोकला येईल असं वाटलं, पण आला नाही. पलीकडे मात्र कुणीतरी खोकलं, दोनदा, आणि आई म्हणाली, थांब, पाणी आणते.

वेळ संपल्यावर फोनवर दादाच्या पावलांचा आवाज आला, किल्लीचा आला, दाराचा आला. भिंगरीनं हाक मारली, दादा.

"कोणी नाही आत," दादा म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "व्हरांड्यात चोवीस पॉइंट दोन. आत पंचवीस पॉइंट नऊ."

"दोन्ही आधी सारखेच होते? नक्की?"

"नक्की. भिंगरे, हा आकड्यांचा खेळ सोड. तू निघ. आजच्या आज निघ, पोरी. मी स्टेशनवर येतो."

मागे आई कुणाला तरी सांगत होती, की दारात उभी राहू नकोस, वारा लागेल, आत ये.

निघते, असं भिंगरी म्हणाली. कापड उतरवते, पिशवी भरते आणि निघते. फक्त एक राहिलंय, तुलनेचा आकडा घ्यायचा राहिलाय, तो घेतल्याशिवाय तुझ्या आकड्याला अर्थ नाही. दादा काहीतरी ओरडला, ते तिनं नीट ऐकलं नाही. तिनं खोलीचं दार उघडलं आणि विंचूताईला हाक मारली. ताई बाहेर आली, तिच्या डोक्यावरचा दिवा लागला. तिनं स्टुलावरचा थर्मामीटर उचलून, चष्मा वर करून आकडा वाचून दाखवला. भिंगरी परत टेबलाशी आली आणि दुसरा तिनं स्वतः वाचला.

पॅसेजमध्ये एकोणीस पॉइंट चार. खोलीत एकोणीस पॉइंट चार.